भरतीच्या शाळेचे तपासनीस

त्र्यंबकराव दिघे शाळा तपासायला आले की सगळ्यात आधी डोळे मिटायचे.

शाळेत पाऊल टाकायच्याही आधी. बाहेर ओट्यावर उपरणं अंथरायचं, छत्री दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरायची, तिच्या मुठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी आणि डोळे बंद. मग कितीही वेळ जावो, माणूस हलायचा नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, म्हातारा झोपला. आणखी थोडा वेळ गेला की वाटायचं, म्हातारा गेला. एका गावात म्हणे पाटलाने खरोखरच त्यांच्या नाकापुढे हात धरून पाहिला. त्र्यंबकराव डोळे न उघडता म्हणाले, "श्वास चालू आहे. तपासणीही चालू आहे. बाजूला व्हा."

त्यांचं म्हणणं असं, की शाळा डोळ्यांनी तपासूच नये. "डोळ्यांसाठी लोक शाळा सजवतात हो! तोरणं लावतात, पोरांची नाकं पुसतात, मास्तर धुतलेला सदरा घालतो. कानांसाठी कोण सजवतो?" ओट्यावर बसून त्यांना म्हणे सगळं कळायचं. मास्तर शिकवतोय की नुसता ओरडतोय, पाढे घोकणारी पोरं आणि ओठ हलवणारी पोरं किती, आतलं हसू मास्तरच्या विनोदाला आहे की मास्तरला आहे. ऐकून पोट भरलं की डोळे उघडायचे आणि एकच शब्द उच्चारायचे, "ऐकलं." त्या एका शब्दाने तालुक्यातले भले भले हेडमास्तर घामाघूम होत.

तालुक्याच्या बोर्डाने या गृहस्थांना आमच्या बालमंदिरावर सोडलं तेव्हा मी तिथली एकुलती एक शिक्षिका होते. गाव कोपरबंदर. अलिबागेहून निघालेली मोटार खाडीच्या पलीकडे उतरवायची आणि तिथून होडीने अलीकडे यायचं. वस्ती सगळी कोळ्यांची. माझे वडील मीठ खात्यात कारकून म्हणून इथे आले आणि इथेच राहिले. मी मराठी सातवी झालेली, नवरा मुंबईला गोदीत नोकरीला. अंगात उत्साह आणि जिभेला धार, या दोन गोष्टी माझ्याकडे तेव्हा गरजेपेक्षा जास्त होत्या. आमच्या भगिनी मंडळाने बालमंदिर काढायचं ठरवलं तेव्हा सर्वांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी ते लगेच धरलं.

बालमंदिर ही चीज तेव्हा आपल्याकडे इतकी नवी होती, की गावातले काही जण तिथे बाळकृष्णाच्या दर्शनालाही येऊन गेले. शाळेत जायच्या वयाची नसलेली पोरं एका खोलीत गोळा करून त्यांना गाणी म्हणायला, ठोकळे रचायला, हात धुऊन खायला शिकवायचं, हे ऐकून माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, "आणि हे शिकवायला शाळा लागते?" पण आमची अडचण निराळी होती. कोळणी कामाला गेल्या की त्यांची पोरं सांभाळायला कोणी नव्हतं आणि खाडी तर दाराशी. म्हणून चालायला लागलेलं पोर दोरीने कमरेला बांधायचं, दोरीचं दुसरं टोक घराच्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, आणि आई कामावर. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मोकळं सोडलेलं पोर पाण्यात जाई, आणि अशी गेलेली पोरं गावाने पाहिली होती.

बंदरावर बोर्डाची जकातीची जुनी खोली रिकामी पडली होती. मंडळाने अर्ज केला, बोर्डाने खोली दिली. अटी दोनच. शाळा अकरा ते पाच उघडी हवी, आणि बोर्डाचे तपासनीस येऊन पाहतील. आम्ही आनंदाने मान डोलावली. अर्ज लिहिताना भरती-ओहोटी कोणाच्या डोक्यात आली नाही.

पहिले काही दिवस मी घड्याळ बघून अकराला खोली उघडायची. मी आणि मंडळाने हौसेने आणलेले लाकडी ठोकळे एकमेकांकडे बघत बसायचो. पोर एकही नाही! मग एका पहाटे चांगुणा कोळीण माझ्या दारात उभी. काखेत तिचा बाळ्या, डोक्यावर रिकामी टोपली.

"बाय, होऱ्या आल्या. याला धर."

"अगं, पण शाळा अकराला!"

"अकराला मी घरातच हाय. तवा तुझी शाला घेऊन काय करू?"

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. होड्या भरतीच्या पाण्यावर येतात. त्या आल्या की बायका बंदरावर धावतात, मासळी उतरवतात, निवडतात, लिलावाला उभ्या राहतात. पाणी ओसरलं की बंदर सुनं आणि आया घरी. म्हणजे पोरं सांभाळायची ती भरतीला. आणि भरती रोज पुढे सरकते. मी ठोकळे बाजूला ठेवले आणि भिंतीवर पंचांग टांगलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचं पोरही सांगेल. अष्टमीला सहा, पुनवेला साधारण अकरा-बारा. रात्रीची भरती सोडून द्यायची आणि दिवसाची धरायची. त्या दिवसापासून आमची शाळा भरतीला भरू लागली आणि ओहोटीला सुटू लागली. पोरं मावेनात.

त्र्यंबकराव पहिल्यांदा आले ते नेमके अमावास्येला. अकराच्या सुमाराला खाडी तुडुंब, होडी थेट धक्क्याला लागलेली, शाळा गजबजलेली. त्यांनी कमरेचं घड्याळ काढून पाहिलं, मान हलवली, उपरणं अंथरलं आणि डोळे मिटले.

मोठ्या शाळांतली पोरं तपासनीस म्हटलं की चिडीचूप होतात. आमच्या पोरांना तपासनीस म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. हा माणूस डोळे मिटून का बसलाय, हे बघायला ती एकेक करून ओट्यावर गेली. कोणी छत्रीला हात लावला. कोणी त्यांच्या मांडीवर शिंपला ठेवून पळून गेलं. चांगुणाचा बाळ्या तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षांचा, अजून बोलत नव्हता. तो त्यांच्या समोर उकिडवा बसला आणि त्यांच्या मिशीकडे एकटक बघत राहिला. शेवटी त्याने हात लांब करून मिशीचं टोक ओढलं. मी दारातून बघत होते. त्र्यंबकरावांनी डोळे उघडले नाहीत. फक्त दुसरं टोक त्याच्याकडे केलं.

आत कोणी रडायला लागलं, की ते डोळे मिटूनच सांगायचे, "बाई, हे भुकेचं." थोड्या वेळाने, "हे नुसतं गंमत म्हणून. लक्ष देऊ नका." मग एकदम, "हे मात्र बघा. याला आई हवी आहे." मी पाहिलं तर खरंच कोपऱ्यात एक मुलगी दाराकडे तोंड करून मुसमुसत होती.

"ऐकलं," जाताना म्हणाले. "वेळ चोख आहे."

"साहेब, वेळेचं थोडं सांगायचं होतं..."

"कारणं सांगायची ती वेळ चुकल्यावर. चुकली नाही, तर कारण कशाला?" आणि होडीत बसले. चहा नाही, पाणी नाही. शाळेचं पाणी प्यायलं की शाळा गोड लागते, असं त्यांचं मत. स्वतःचा तांब्या आणि फडक्यात बांधलेले पोहे बरोबर असत.

दुसऱ्यांदा ते आले अष्टमीला. पुन्हा ठोक अकराला.

आता अष्टमीला अकराच्या सुमाराला आमच्या खाडीत पाण्याऐवजी चिखल असतो. होडी पलीकडे कललेली. शहाणा माणूस परत गेला असता. पण तपासणीची वेळ अकरा, म्हणजे अकरा! होडीवाल्या धर्माने त्यांना खांद्यावर घेतलं आणि मांडीपर्यंतच्या चिखलातून आणलं. गावाने हे दृश्य पुढे कित्येक वर्षं सांगितलं. खाली धर्मा घामाने निथळतोय आणि वर त्र्यंबकराव उघडी छत्री धरून त्याला वाट सांगतायत, "उजवीकडे घ्या. खड्डा आहे." धर्मा म्हणाला, "साहेब, माजी खारी हाय ही. तुमी गप बसा."

शाळेला कुलूप. मी घरी भाकऱ्या थापत होते. पिठाच्या हातांनी धावत आले तर त्र्यंबकराव ओट्यावर बसलेले, डोळे मिटून. कुलूप लावलेल्या शाळेची तपासणी चालली होती.

"साहेब, आत कोणी नाही."

"ऐकतोय." जरा वेळाने डोळे उघडले. "अमावास्येला वेळ पाळता येते, मग अष्टमीला काय धाड भरते? हा माझा अपमान आहे, बाई."

मी त्यांना सगळं सांगितलं. तिथी, पाऊणपट, होड्या, लिलाव. त्यांना भरती-ओहोटी कळत नव्हती असं नाही. जन्म या किनाऱ्यावर गेलेला. पण शाळेचा आणि पाण्याचा संबंध त्यांना बसतच नव्हता. "कचेरी भरतीला उघडते? पोस्ट उघडतं? मग शाळेनेच काय समुद्राचं घोडं मारलंय?" शेवटी मीही चिडले. म्हटलं, "परत जायला होडी संध्याकाळीच मिळेल. तोवर बसा आणि स्वतःच ऐका."

बसले. दुसरा इलाज नव्हता, कारण धर्माने दुसरी खेप साफ नाकारली होती. आपले पोहे खाल्ले, आपलं पाणी प्यायले. ऊन कललं, खाडीत पाणी चढू लागलं, आणि शिडं दिसायला लागली तशी मी खोली उघडली. त्र्यंबकरावांनी पुन्हा डोळे मिटले. या खेपेला त्यांना पोरं येताना ऐकू आली. बायकांची धावती पावलं, "बाय, धर", पोर खाली ठेवल्याचा आवाज, पोराचा एक हुंदका, आणि लगेच पावलं परत. अशी एकामागून एक.

"या सगळ्या जणी जातात कुठे एवढ्या घाईने?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या पाठीमागे बघा."

पोरांची तपासणी चालू असताना त्यांनी डोळे उघडले, असं मी पहिल्यांदा पाहिलं. वळून त्यांनी बंदराकडे नजर टाकली. होड्या, टोपल्या, गुडघाभर पाण्यात उभ्या बायका, आरडाओरडा. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आणि शाळा नव्हती तेव्हा?"

चांगुणा बाळ्याला ठेवून वळली होती, तिने ऐकलं. "तवा मेढीला बांदून जायची मी याला. ये, बघ."

बंदरावर एवढी घाई असताना ती त्यांना घेऊन गेली. घर पाच पावलांवर. मीही मागोमाग गेले. मेढीला दोरीची गाठ अजून होती. बाळ्याच्या कमरेच्या उंचीवर लाकूड घासून गुळगुळीत झालेलं. त्र्यंबकरावांनी तिथे बोट फिरवलं. मग छत्री बाजूला ठेवली, मेढीला टेकून जमिनीवर बसले आणि डोळे मिटले. चांगुणाने माझ्याकडे पाहिलं, याला काय झालं म्हणून. मी तिला खुणेने गप्प केलं. घरात कोणी नव्हतं, आणि पडवीखालच्या दगडांवर पाणी आपटत होतं, तेवढाच आवाज येत होता.

"ऐकलं," ते म्हणाले. या वेळी आवाज एवढा खाली होता की मला नीट ऐकू आला नाही.

मला वाटलं, झालं काम! पण होडीत चढताना म्हणतात कसे, "बाई, अकराला कुलूप होतं हे मी लिहिणार. खोटं मी लिहीत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग त्या मेढीपाशी कशाला बसलात? लिहा, कुलूप होतं! दोरी पण होती, ती लिहू नका!" धक्क्यावरच्या सगळ्या बायका बघायला लागल्या. त्र्यंबकरावांनी खोलीत बाळ्या कुठे दिसतो का, म्हणून तेवढं वाकून पाहिलं आणि गेले.

पुढची बातमी धर्मानेच बोर्डाच्या पट्टेवाल्याकडून आणली. बोर्डाच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष नानासाहेब यांना बंदरावरची ती खोली आपल्या वडिलांच्या नावाने वाचनालय काढायला हवी होती. माणूस वाईट नव्हता. वडिलांवर भक्ती होती आणि वाचनालयावरही. कुलपाचा शेरा त्यांच्या हातात आयताच पडला. शाळा वेळ पाळत नाही, मग खोली परत घ्यायला हरकत काय? समितीत सगळे माना डोलावणार, तेवढ्यात त्र्यंबकराव उभे राहिले. म्हणाले, "माझे कान आता म्हातारे झालेत. त्यांच्या भरवशावर पोरांना बाहेर काढू नये. अध्यक्षांनी स्वतः जाऊन खात्री करावी."

"ठीक आहे. अकराला जाऊ," नानासाहेब म्हणाले.

"आणि दिवस?" मी धर्माला विचारलं.

"अष्टमी," धर्मा म्हणाला. "म्हाताऱ्यानंच सांगितलान."

म्हणजे कुलूप नक्की दिसावं अशी व्यवस्था या माणसाने स्वतः केली होती! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. त्या दिवशी मी त्र्यंबकरावांना जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चांगुणाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "खोली गेली तर मी दोरी काढलेली न्हाय अजून." ती रागाने बोलली नाही, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

अष्टमी उजाडली. मी ठरवलं, एक दिवस शाळा अकराला भरवायचीच. घरोघरी फिरले, गुळाची लालूच दाखवली, पोरं गोळा केली. पोरं पहाटेच्या भरतीपासून जागी, अर्धी पेंगत होती. तोरण बांधलं, नाकं पुसली. म्हणजे त्र्यंबकराव ज्याला सजावट म्हणत, ती सगळी मी केली. आणि दारात उभी राहून पलीकडे बघू लागले.

पलीकडे मोटार थांबली. नानासाहेब उतरले. पांढरा कोट, जरीची टोपी, पायात नवे पंपशू. मागे पट्टेवाला आणि छत्रीसकट त्र्यंबकराव. समोर चिखल.

पलीकडचं बोलणं इकडे ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. नानासाहेबांनी धर्माला होडी काढायला सांगितलं. धर्माने दोन्ही हात पसरून चिखल दाखवला. नंतर धर्माने सांगितलं, "मी बोल्लो, पानी न्हाय तर होरी कशी चालंल? साहेब बोल्ले, मंग मला उचल." नानासाहेब देहाने भारदस्त. धर्माने त्यांना वरून खाली पाहिलं आणि आपल्याला पाठदुखी असल्याचं सांगितलं. तेव्हा नानासाहेब स्वतःच चिखलात उतरले. दोन पावलं गेले आणि तिसऱ्या पावलाला त्यांचा एक पंपशू चिखलाने ठेवून घेतला. ते माघारी फिरले. पट्टेवाल्याने काठीने शोधाशोध केली, पण आमच्या खाडीत गेलेली वस्तू ओहोटीला परत मिळत नाही.

मग ते उंडीच्या झाडाखाली बसले. त्र्यंबकराव शेजारी, डोळे मिटून.

इकडे माझी पोरं गूळ खाऊन झोपायला घरी गेली. मी तोरणाखाली एकटी उरले. दुपार गेली. पलीकडे नानासाहेब उठत, फेऱ्या घालत, पुन्हा बसत. मधेच त्यांनी त्र्यंबकरावांच्या फडक्यातले चार घास पोहे खाल्लेले आम्ही पाहिले. ऊन उतरलं तसं चिखलात पाण्याची रेघ आली, रेघेचा ओहोळ झाला आणि कललेली होडी हळूहळू सरळ झाली. त्याच पाण्यावर बाहेरून शिडं आत आली. बायका टोपल्या घेऊन धावल्या. "बाय, धर!" "बाय, याला धर!" तोरण कोणी ओढून काढलं, पुसलेली नाकं पुन्हा होती तशी झाली. खोली भरून वाहू लागली. आणि त्या गदारोळात धर्माची होडी धक्क्याला लागली.

नानासाहेब वर आले. एका पायात पंपशू, दुसरा पाय चिखलाचा. चेहऱ्यावर उपास आणि संताप.

"ही काय शाळा भरायची वेळ आहे?"

"साहेब," त्र्यंबकराव नम्रपणे म्हणाले, "आपली यायची वेळ कोणती ठरली होती?"

"अकरा!"

"मग आपण आत्ता कसे आलात?"

"पाणी नव्हतं! पाण्याशिवाय येणार कसा माणूस?"

मागे होड्या लागत होत्या, बायकांचे आवाज येत होते. त्र्यंबकरावांनी घाई केली नाही. मग म्हणाले, "या होड्यांचंही तसंच आहे, साहेब. या बायकांचंही. आपल्याला घाई होती, अधिकार होता, पट्टेवाला बरोबर होता, तरी पाण्याच्या आधी येता आलं नाही. या बंदरावर अकरा आत्ता वाजले."

नानासाहेबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "दिघे, हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"मी फक्त तिथी सुचवली. अकरा आपण म्हणालात."

मला आधी हसू फुटलं आणि मग डोळे भरून आले. या माणसाने अकराच्या कुलपाबद्दल एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं, आणि त्याच अकराला चिखलात बसवलं होतं. आणि मी त्यांना काय काय बोलले होते!

तेवढ्यात एका चिमुरडीने नानासाहेबांच्या चिखलाच्या पायावर तांब्याने पाणी ओतायला सुरुवात केली. आमच्याकडे खोलीत येणाऱ्याने पाय धुवायचे असा नियम होता, आणि तिने तो अध्यक्षांना लागू केला. नानासाहेब पाय पुढे करून उभे राहिले. दुसरा पायही पुढे केला. मग आत जाऊन चटईवर बसले, मी दिलेलं शहाळं एका दमात संपवलं आणि खोलीभर नजर फिरवली. शेवटी म्हणाले, "इथे वाचनालय काढलं तर वर्तमानपत्र वाचायला माणसाला पाण्याची वाट बघावी लागेल. वडिलांना पटलं नसतं." उठताना पट्टेवाल्याला बजावलं, की पुढच्या बैठकीत या शाळेची वेळ 'भरतीप्रमाणे' अशी दुरुस्त करायची. दारात उभ्या चांगुणाला काय ठरलं ते मी सांगितलं. ती घरी गेली, दोरी सोडून आणली आणि धर्माच्या होडीत टाकली. होडी बांधायला उपयोगी पडेल म्हणाली.

पाणी उलटायच्या बेताला आलं. धर्मा हाका मारू लागला. नानासाहेब होडीत चढले, पट्टेवाला चढला. त्र्यंबकराव कुठे दिसेनात, म्हणून मी बघायला गेले.

ते खोलीमागच्या ओट्यावर होते. बहुतेक पोरांना त्यांच्या आया घेऊन गेल्या होत्या. चांगुणाचा लिलाव अजून आटपायचा होता आणि तिचा बाळ्या त्र्यंबकरावांच्या मांडीवर गाढ झोपला होता. पोराची मूठ त्यांच्या कोटाच्या गुंडीला धरून. त्यांचा एक पाय वाकडा अडकलेला, मुंग्या आलेल्या असणार, पण तो हलवायची त्यांची हिंमत नव्हती. अख्ख्या तालुक्याला घाम फोडणारा माणूस माझ्याकडे घाबरून बघत होता, मी मोठ्याने बोलेन म्हणून.

"साहेब, होडी सुटतेय," मी हळूच म्हटलं. "द्या त्याला माझ्याकडे."

"नको. जागा होईल."

"पुढची होडी आता पहाटे. घरी काळजी करतील."

"घरी?" त्यांनी बाळ्याच्या कपाळावरची माशी हाताने वारली. "बाई, मंडळी जाऊन फार वर्षं झाली. मूलबाळ नाही. मी आज गेलो काय नि उद्या गेलो काय, घराला कळणारसुद्धा नाही. हा मात्र उठल्या उठल्या मला शोधेल."

मी आतून चटई आणून त्यांच्या पाठीशी गुंडाळून लावली, आणि मग धक्क्यावर गेले.

"म्हातारा कुठं हाय?" धर्माने विचारलं.

"जा तू," मी म्हटलं. "साहेबांना इथे काम आहे."